टोपीतल्या नऊ चिठ्ठ्या

"हा नऊ नावांचा क्रम रोज कोण ठरवतं गं?" मामांनी विचारलं.

"मॅनेजर. आपल्याकडे कर्णधार, तसा इथे मॅनेजर. कार्डावर लिहून तो पंचांच्या हातात देतो. एकदा दिला की त्या सामन्यापुरता क्रम पक्का. बदली खेळाडू आला तरी तो गेलेल्याच्याच जागेवर खेळतो."

"आणि दुसऱ्या दिवशी नवा क्रम?"

"संघ हरत असला की बहुतेक रोजच नवा."

"म्हणजे त्या माणसाचा वेळ वाया जातोय," मामा म्हणाले आणि पुलाच्या कठड्याशी थांबून खालून वाहणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिले.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवारची संध्याकाळ. शिकागोच्या रेड लाइनने ३५व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरून आम्ही व्हाइट सॉक्सच्या मैदानाकडे निघालो होतो. त्या मोसमात संघाने तोवर १२० सामने गमावले होते. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स या नव्याकोऱ्या संघानेही १२०च गमावले होते आणि एका मोसमातल्या पराभवांचा आधुनिक काळातला तो विक्रम बासष्ट वर्षं कुणी मोडला नव्हता. आता एका पराभवाचा प्रश्न होता.

मामा जळगावात संख्याशास्त्र शिकवत. मी तिथेच सॉफ्टबॉल खेळले, शाळेत आणि मग कॉलेजात. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचं सख्खं भावंड: चेंडू मोठा, पिचर तो खालून टाकतो, नऊऐवजी सात इनिंग. नऊ जणींचा फलंदाजीचा क्रम मात्र तोच. मामा माझ्या प्रत्येक सामन्याला निळ्या वहीत आकडे टिपत बसायचे. तेव्हा खेळ त्यांना नवा नव्हता. या दोन महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी व्हाइट सॉक्सचे इतके सामने टीव्हीवर पाहिले होते, की खेळाडूंची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

जागेवर बसल्यावर त्यांनी वही उघडली.

"क्रिकेटमध्ये क्रमाला अर्थ आहे," ते म्हणाले. "तिथे एकदा बाद झालास की संपलं. नवा चेंडू कोण खेळणार, खेळपट्टी कधी सुकणार, शेवटच्या षटकांना कोण उरणार, हे सगळं क्रमावर ठरतं. इथे काय आहे? तीन बाद झाले की इनिंग संपली, आणि पुढच्या इनिंगला जिथे थांबलो तिथून पुढे चालू. पहिला फलंदाज 'पहिला' असतो तो फक्त सामन्याच्या आरंभी. नंतर तो कुठल्या इनिंगला कितवा येईल ते कोण सांगणार? हे रहाटगाडगं आहे. कुठलं गाडगं आधी बुडलं याने पाटात येणाऱ्या पाण्यात काय फरक पडतो?"

"पडतो. रहाट कायमचा फिरत नाही, मामा. सत्तावीस बाद झाले की थांबतो. थांबतो तेव्हा पुढची गाडगी एक फेरी जास्त बुडालेली असतात."

"किती जास्त?"

"क्रमात एक जागा खाली गेलात की १६२ सामन्यांच्या मोसमात साधारण अठरा संधी कमी होतात. पहिल्या आणि नवव्यात सव्वाशे-दीडशे संधींचा फरक पडतो. मग चांगल्या फलंदाजाला वर का नाही पाठवायचं?"

"पाठव की. मी नको म्हणतच नाही. अर्नशॉ कुक नावाच्या एका माणसाने १९६४ साली 'पर्सेंटेज बेसबॉल' नावाचं पुस्तक लिहून हेच सांगितलं होतं, सगळ्यात चांगला आधी, मग त्याच्यापेक्षा जरा कमी, असं उतरत जा. पण त्यातून मिळतं किती, ते मोज. टँगो, लिचमन आणि डॉल्फिन या तिघांनी 'द बुक'मध्ये ते मोजलंय. नेहमीच्या क्रमाऐवजी उत्तमातला उत्तम क्रम लावला, तरी अख्ख्या मोसमात दहा-पंधरा धावा वाढतात. दहा धावांना ढोबळमानाने एक विजय. म्हणजे एक विजय, फार तर दीड. नऊ माणसांच्या मांडण्या होतात ३,६२,८८०. पावणेचार लाखांतून निवडलेल्या सर्वोत्तमाची किंमत दीड विजय!"

मोसम संपल्यावरचे आकडे इथे देते. त्या संध्याकाळी मामांच्या वहीत होते ते याच्या अगदी जवळचे होते. व्हाइट सॉक्सनी १६२ सामन्यांत ५०७ धावा केल्या, म्हणजे सामन्याला तीनच्या किंचित वर. समोरच्यांना ८१३ दिल्या.

"तीनशे सहा धावांचा खड्डा," मामा म्हणाले. "त्यात तू पंधरा धावांची माती टाकणार आणि म्हणणार, बघा, रस्ता दुरुस्त करतेय. अगं, हा संघ बेसवर पोचतच नाही. हजार वेळा फलंदाजीला आले तर २७८ वेळा बाद न होता बेसवर गेले. बाकी ७२२ वेळा बाद. आता एका इनिंगचे पहिले तीन फलंदाज ओळीने बाद होण्याची शक्यता काढ. ०.७२२ गुणिले ०.७२२ गुणिले ०.७२२. शंभरातल्या सदतीस-अडतीस इनिंग, ज्यांत पहिला, दुसरा, तिसरा बाद आणि चौथ्याने नुसती बॅट हातात धरलेली. चौथा कोण आहे याने काय होणार?"

या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या मोसमाच्या पहिल्या पंचवीस सामन्यांत संघाने तीन जिंकले. मे-जूनमध्ये ओळीने चौदा हरले, जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने एकवीस. ती साखळी ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये तुटली आणि दोन दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना काढलं. त्या आधी जुलैच्या अखेरीस टॉमी फॅम, पॉल डीयाँग, एलॉय हिमेनेझ दुसऱ्या संघांना देऊन झाले होते. लुईस रॉबर्टने आदल्या वर्षी ३८ होम रन मारले होते; या वर्षी दुखापतीमुळे तो शंभरच सामने खेळला आणि १४ मारले. हे पाहत असताना कार्डावरची नावं वरखाली करणं म्हणजे पिठाच्या रिकाम्या डब्यांची फळीवरची जागा बदलण्यासारखं होतं, हे मलाही दिसत होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही, कारण मामांच्या दीड विजयात मला एक गोष्ट दिसली होती.

"मामा, दीड विजय म्हणालात ना? आज पराभव किती?"

"एकशे वीस."

"विक्रम किती?"

"एकशे वीस." ते थांबले.

"मग तुमचा तो क्षुल्लक दीड विजय वळता केला असता, तर आज हे कॅमेरे इथे नसते. बासष्ट वर्षांत कुणाच्या नशिबी न आलेला डाग लागणार की नाही, हे एवढ्याशा फरकावर लटकलंय."

"तो योगायोग आहे. सरासरीला इतिहास कळत नाही."

"माणसांना कळतो. आणि फरक नेहमी असाच लहान असतो. १९७२ साली डेट्रॉइट टायगर्स आपल्या गटात पहिले आले ते अर्ध्या सामन्याने. ८६ विजय, ७० पराभव. बॉस्टन ८५-७०. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडूंचा संप झाला होता, बुडालेले सामने पुन्हा खेळवले नाहीत, त्यामुळे दोन्ही संघांचे एकूण सामनेसुद्धा सारखे नव्हते. आणि त्याच टायगर्सच्या मॅनेजरने ऑगस्टमध्ये काय केलं होतं, माहीत आहे?"

ही गोष्ट मला फार आवडते. १३ ऑगस्ट १९७२. टायगर्स घसरणीला लागले होते, धावा होत नव्हत्या. मॅनेजर बिली मार्टिन, तापट आणि जिंकण्यासाठी काहीही करणारा माणूस. त्याने नऊ चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि निघतील तशी नावं लिहिली. जाडजूड, ताकदवान, पायाने सावकाश असा नॉर्म कॅश पहिला आला. आणि चौथा, म्हणजे संघातल्या सगळ्यात जबर फटकेबाजाची जागा, तिथे एडी ब्रिंकमन. ब्रिंकमन क्षेत्ररक्षणात हिरा होता, पण त्या मोसमातली त्याची फलंदाजीची सरासरी होती ०.२०३. क्लीव्हलंडविरुद्धचा तो सामना टायगर्सनी ३-२ असा जिंकला.

पाच वर्षांनी मार्टिन न्यूयॉर्क यांकीजकडे होता. एप्रिल १९७७, दहा सामन्यांत दोन विजय. त्याने पुन्हा टोपी काढली. टोरंटोविरुद्ध ७-५ असा विजय, आणि त्या वर्षी यांकीज विश्वविजेते.

मामा वहीवर पेन आपटत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "तू माझ्याच बाजूने साक्ष दिलीस, पोरी. डोकं चालवून लावलेला क्रम आणि डोळे मिटून काढलेला क्रम, दोन्ही जिंकू शकतात, याचा अर्थ क्रमात काही नाही. शिवाय एका सामन्याचा पुरावा म्हणजे पुरावाच नव्हे. कुठलाही संघ कुठल्याही दिवशी जिंकतो. हा सुद्धा चाळीसच्या आसपास जिंकलाच आहे."

"धावांपुरतं बोलत असाल तर मान्य. पण टोपीने त्या नऊ जणांना काय सांगितलं, ते बघा. ओळीने हरणाऱ्या संघात प्रत्येकाच्या मनात एकच असतं, की आज कुणाला खाली ढकललंय. चौथ्याचा सातवा झाला की तो समजतो, खापर माझ्यावर फुटलं. मार्टिनने खापर टोपीवर फोडलं. त्या दिवशी ब्रिंकमन चौथा आला तो कौतुकाने नाही, आणि जो खाली गेला तो शिक्षा म्हणून नाही. एका दुपारपुरतं नऊ जणांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं."

"हे तू मोजू शकतेस?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मोजता येत नाही म्हणून ते नव्हतं, असं म्हणू नका एवढंच."

खाली सामना सुरू झाला होता. लॉस एंजेलिस एंजल्स हा समोरचा संघही त्या वर्षी काही फार बरा नव्हता, पण त्यांनी २-० अशी आघाडी घेतली. स्टँडमधून मालकाच्या नावाने ओरडा सुरू झाला, संघ विका, संघ विका. डगआऊटच्या कठड्याला टेकून ग्रेडी साइझमोर उभे होते, उरलेल्या मोसमापुरते नेमलेले मॅनेजर. मी मामांना सांगितलं, की हा माणूस स्वतः क्लीव्हलंडचा पहिल्या क्रमांकाचा फलंदाज होता. २००८ साली ३३ होम रन आणि ३८ बेस चोरलेले. पुढे दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली.

"पहिल्या क्रमांकावर ३३ होम रन?" मामांनी मान वर केली. "पहिला म्हणजे चपळ, चिवट, बेसवर जाऊन बसणारा असं ना?"

"जुनी रीत तीच. पहिला वाऱ्यासारखा पळणारा, दुसरा स्वतः बाद होऊन त्याला पुढे सरकवणारा, तिसरा संघातला सर्वोत्तम, चौथा दांडगा. यांकीजनी १९२९ साली शर्टांच्या पाठीवर आकडे घातले ते फलंदाजीच्या क्रमाने. बेब रूथ तिसरा खेळायचा म्हणून त्याचा ३, लू गेहरिग चौथा म्हणून ४. लोक आज तो आकडा त्या माणसाचा समजतात. मुळात तो जागेचा होता."

"आणि 'द बुक' सांगतं, की सर्वोत्तम तीन जण पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी हवेत. तिसरा नको, कारण दोन बाद आणि बेस रिकामे अशा वेळी त्याच्यावर जास्त वेळा फलंदाजीला यायची पाळी येते. बरोबर आहे. पहिल्या इनिंगमध्ये तर उघडच दिसतं. शंभर वर्षं लोक उत्तम माणसाला चुकीच्या जागी बसवत आले." मामांच्या आवाजात आता वेगळीच गोडी होती. "हा बदल मला पटतो. यात विचार आहे. रोज सकाळी उठून नावं ढवळणं वेगळं आणि हे वेगळं."

"म्हणजे प्रयोगाला तुमची हरकत नाही."

"प्रयोगाला कुठला मास्तर हरकत घेईल? माझी हरकत चाळवाचाळवीला आहे. प्रयोग म्हणजे आधी प्रश्न हवा, मग पुरेसे दिवस हवेत, आणि मध्ये हात घालायचा नाही. तू मघाशी सांगितलंस ते सेंट लुईसचं काय होतं?"

"तिथले मॅनेजर टोनी ला रूसा, १९९८. संघ रखडत होता. मार्क मॅग्वायर तिसरा खेळायचा आणि होम रनमागून होम रन मारत होता, पण त्याच्या वेळी बेसवर माणसंच नसायची. तेव्हा नॅशनल लीगमध्ये पिचरलाही फलंदाजी करावी लागे, आणि तो नववा ही काळ्या दगडावरची रेघ. ला रूसांनी जुलैमध्ये पिचरला आठवा केला आणि बरा फलंदाज नवव्या जागी आणला. म्हणजे चक्र फिरून वर आलं की मॅग्वायरच्या आधी दोनऐवजी तीन खरे फलंदाज."

"बघ, याला म्हणतात प्रश्न! 'माझ्या सर्वोत्तम माणसाच्या वेळी बेस रिकामे का?' आणि किती दिवस चालवलं?"

"मोसम संपेपर्यंत. मॅग्वायरने ७० मारले. संघ ८३-७९, तिसरा."

"म्हणजे बक्षीस नाही मिळालं. पण प्रयोग खरा होता. तसाच ब्रॅडमनचा." क्रिकेटवर आले की मामांना थांबवणं कठीण. "मेलबर्न, जानेवारी १९३७. ऑस्ट्रेलिया मालिकेत ०-२ मागे. पावसाने खेळपट्टी चिकट झालेली. ब्रॅडमनने दुसऱ्या डावात क्रमच उलटा केला. ओरायली आणि फ्लीटवूड-स्मिथ, दोघे गोलंदाज, सलामीला. कशासाठी? खेळपट्टी सुकेपर्यंत वेळ काढायला. स्वतः सातवा आला, २७० केल्या. मालिका ३-२ अशी जिंकली. पण बघ हं, त्यात वेळ विकत घेतला होता. खेळपट्टी बदलणार होती. बेसबॉलमध्ये बदलणारी खेळपट्टीच नाही."

"आणि सचिन?"

मामा हसले. सचिनचं नाव निघणार हे त्यांना ठाऊक असणार. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली म्हणून सचिनला सलामीला जायला मिळालं आणि त्याने ४९ चेंडूंत ८२ केल्या. आमच्या घरी ती पहाट अजून सांगितली जाते: आजोळचा लहान टीव्ही, आवाज बारीक केलेला, आणि मामा उभ्याउभ्याच पाहत होते. मग २००७ चा विश्वचषक. त्याच सचिनला चौथ्या क्रमांकावर पाठवलं. कारणं दिली गेली, मधली फळी भक्कम व्हावी वगैरे. बांगलादेशविरुद्ध सात, श्रीलंकेविरुद्ध शून्य, आणि भारत पहिल्याच फेरीत बाहेर.

"तोच माणूस," मी म्हणाले. "एका जागी फुलला, दुसऱ्या जागी मिटला. जागेत काही नसतं तर हे का झालं?"

"दोन सामन्यांवरून तू माणूस मिटवतेस! त्याच स्पर्धेत बर्म्युडाविरुद्ध नाबाद ५७ होत्या, त्या का नाही मोजल्यास? आणि चौथ्यावर सचिन कसोटीत आयुष्यभर खेळला."

हे खरं होतं. पण मी म्हणाले, "तो चौथा क्रमांक त्याला स्वतःला हवा नव्हता, मामा. ऑकलंडला तो स्वतः मागून सलामीला गेला होता. २००७ मध्ये त्याला पाठवलं गेलं. मी त्याबद्दल बोलतेय."

मामा काही बोलले नाहीत. वहीत त्यांनी एक बाद लिहिला, मग आणखी एक.

मी त्यांना काइल श्वार्बरचं सांगितलं, कारण या सगळ्या वादाचं उत्तर एका माणसात शोधायचं तर तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. २०१७ साली शिकागोच्याच दुसऱ्या संघाने, कब्जने, या धिप्पाड तरुणाला पहिल्या क्रमांकावर पाठवलं. मॅनेजर जो मॅडन यांना नव्या वाटा चोखाळायची आवड होती. श्वार्बर पळत नाही, पण वॉक, म्हणजे वाईट चेंडू सोडून मिळणारा फुकटचा बेस, खूप घेतो आणि चेंडू लांब मारतो. कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात त्याची सरासरी ०.१७१ वर आली आणि जूनमध्ये त्याला खालच्या लीगमध्ये धाडावं लागलं. विश्वविजेते कब्ज जेमतेम निम्मे सामने जिंकत होते. त्याच महिन्यात मॅडननी अँथनी रिझोला, अंगापिंडाने भरलेल्या फर्स्ट बेसमनला, पहिला केलं. न्यूयॉर्कमधल्या सामन्याच्या आरंभीच त्याने होम रन मारला. तो मोसम कब्जनी ९२ विजयांनी आणि गटात पहिले राहून संपवला.

"आणि श्वार्बर?"

"पाच वर्षांनी फिलाडेल्फियात. २०२२. संघाचे २२ विजय, २९ पराभव, मॅनेजरला काढलेलं. नवे मॅनेजर रॉब थॉमसन. श्वार्बर पहिल्या क्रमांकावर खेळला, ४६ होम रन मारून नॅशनल लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे गेला, आणि तो संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी तर गंमतच. सरासरी ०.१९७. कुठल्याही जुन्या मॅनेजरने त्याला नववा केला असता. पण ४७ होम रन आणि १२६ वॉक. थॉमसननी त्याला पहिल्या क्रमांकावर खेळवलं. आणि या वर्षी सामन्याच्या आरंभीच होम रन मारायचा एका मोसमातला विक्रम त्याच्या नावावर लागला."

"०.१९७ आणि तरी पहिला ठेवला?"

"ठेवला."

"म्हणजे २०१७ ते २०२३ मध्ये काय बदललं? तुझ्या मते त्याला कुणीतरी विश्वासात घेतलं. माझ्या मते तो चोवीस वर्षांचा होता तो तीस वर्षांचा झाला, आणि २०१७ चे ते अडीच महिने हा फार लहान नमुना होता. मॅडन थांबले असते तर कदाचित तिथेही तेच दिसलं असतं."

"दोन्ही असू शकतं."

"असू शकतं," मामा म्हणाले. त्यांच्याकडून एवढं मिळणंही सोपं नसतं.

तेव्हा मी त्यांच्यापाशी ती गोष्ट काढली, जी मी वीस वर्षं कुणाकडे काढली नव्हती. कॉलेजचं दुसरं वर्ष, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. मी चौथी खेळायची. एका सकाळी वसतिगृहाच्या भिंतीवर कागद लागला आणि त्यावर माझं नाव आठवं. प्रशिक्षक समोरून गेले, काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही. त्यानंतरच्या तीन सामन्यांत मला एकही हिट मिळाली नाही. बॅट हातात घेऊन उभी राहिले की चेंडू दिसायच्या ऐवजी तो कागद दिसायचा.

"मला आठवतंय," मामा म्हणाले. "निळ्या वहीत आहे. त्याच्या आधीच्या पाच सामन्यांत तुझ्या दोन हिट होत्या. तुझ्यामागे पाचवी खेळायची ती पोरगी सुरेख मारत होती आणि तू बाद होऊन तिच्यापुढचे बेस रिकामे ठेवत होतीस. मी प्रशिक्षक असतो तर मीही तुला खाली नेलं असतं."

हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खाली मैदानात इनिंग बदलत होती, भोंग्यावर कुठलंसं गाणं चालू होतं. राग यायला हवा होता, आला नाही.

"बरोबर होतं तर मग सांगितलं का नाही?" मी म्हणाले. "दोन वाक्यं पुरली असती. तुझा हात सध्या बसत नाहीये, खाली खेळ, जरा मोकळी हो. एवढंच."

"त्यांनी सांगायला हवं होतं," मामा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मीही सांगू शकलो असतो. वही माझ्याकडे होती."

आठवी इनिंग. मामांनी सांगितलेल्या त्या शंभरातल्या उरलेल्या बासष्टांपैकी ही एक निघाली. बेसवर माणसं दिसू लागली, एक धाव आली, बरोबरी झाली, आणि दोन बाद असताना अँड्र्यू बेनिन्टेंडीने मारलेल्या हिटवर तिसरी धाव आली. ३-२. मघाशी मालकाला शिव्या देणारे लोकच उभे राहून ओरडत होते. मामाही उभे होते, पेन कानाला, दोन्ही हात वर. त्या रात्री १२१वा पराभव झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने व्हाइट सॉक्सनी जिंकले.

तो पराभव झाला शुक्रवारी, २७ सप्टेंबरला, डेट्रॉइटमध्ये. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो, मी पोहे केले होते आणि मामांच्या ताटलीत ते तसेच गार झाले. ४-१. डेट्रॉइटला त्या विजयाने दहा वर्षांनी पुढच्या फेरीचं तिकीट मिळालं, त्यांचे खेळाडू मैदानात एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. व्हाइट सॉक्सची पोरं बॅटी उचलून आत गेली. कॅमेऱ्याने त्यांना फार वेळ दाखवलं नाही.

"टोपीवालं गाव ते हेच ना?" मामांनी विचारलं.

"गाव तेच. मैदान वेगळं. ते जुनं पाडलं."

त्यांनी वही बंद केली आणि झोपायला गेले. सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहीचं एक पान फाडून ठेवलेलं. शनिवारच्या सामन्यासाठी मामांचा क्रम. मोसमात दोन सामने उरलेले, हरायचं ते हरून झालेलं, तरी नऊ नावं सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक. प्रत्येक नावापुढे त्याला तिथे का ठेवलं ते एका ओळीत, त्या खेळाडूला उद्देशून, मराठीत. पहिल्यापुढे, तू बेसवर सगळ्यात जास्त जातोस म्हणून. चौथ्यापुढे, तुझ्या वेळी माणसं असतील, घाई करू नकोस.

आठव्या नावापुढे ओळ संपली नव्हती. ती खाली वळून नवव्याच्या जागेत शिरली होती, आणि नवव्याचं नाव मामांनी कडेला, आडवं लिहिलं होतं.